थिंकपॅड टी४७०वर लिनक्स: आधी फर्मवेअर, मग स्क्रू ड्रायव्हर, शेवटी पेनड्राइव्ह

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला, मोजके अपवाद सोडले, तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. या कात्रीत सापडले ते सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसचे लॅपटॉप: लेनोव्होचे थिंकपॅड टी४६० आणि टी४७०, डेलचा लॅटिट्यूड ७४८०, एचपीचा एलिटबुक ८४० जी३. कंपन्यांनी काढून टाकलेली ही यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानापर्यंत सगळीकडे मिळतात. यांचा कीबोर्ड आणि बिजागऱ्या आजच्या स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा दणकट असतात. ब्राउझर, ऑफिसचं काम, ऑनलाइन वर्ग, थोडंफार प्रोग्रामिंग यांसाठी प्रोसेसरही पुरतो.

त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकायची ते पुढे दिलं आहे. उदाहरणाला २०१७चा टी४७० धरला आहे. रॅमचे दोन खण, बाहेरून निघणारी बॅटरी आणि एका स्क्रू ड्रायव्हरने उघडणारं तळाचं झाकण, यामुळे हात बसायला हे यंत्र सोपं. टी४८० आतून जवळपास तसाच आहे, त्यामुळे बरंचसं त्यालाही लागू पडेल.

या कामातले बहुतेक घोळ क्रम चुकल्यामुळे होतात. उत्साहात आधी लिनक्स टाकायचं आणि मग कळायचं की थंडरबोल्टचं (वेगवान यूएसबी-सी पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर, बदलायचा सोपा रस्ता विंडोजमधूनच होता. किंवा लिनक्स जुन्या हार्ड डिस्कवर टाकायचं आणि आठवड्याने एसएसडी आणून तेच काम पुन्हा करायचं. म्हणून क्रम शीर्षकात आहे तोच ठेवा.

घेण्याआधी पाच मिनिटं

तळाच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचा. टी४७०मध्ये २०एचडी किंवा २०एचई असेल तर सातवी पिढी, २०जेएम किंवा २०जेएन असेल तर सहावी. किंमत सारखीच असेल तर सातवी घ्या. तिची ग्राफिक्स चिप यूट्यूबचे व्हीपी९ प्रकारचे व्हिडिओ नीट पेलते, सहावीला तिथे दम लागतो. आणि टी४७० मागितल्यावर टी४७०एस हातात आला तर थांबा. तो पातळ आणि देखणा असतो, पण त्याची काही रॅम बोर्डावरच डाखलेली असते आणि बॅटरी बाहेरून निघत नाही.

यंत्र चालू करून लगेच एफ१ दाबा, बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जा. पासवर्ड मागितला, किंवा आत जाऊनही सेटिंग बदलता आली नाहीत, तर सुपरवायझर पासवर्ड लावलेला आहे. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो, त्यामुळे आतला बटण-सेल काढून तो जात नाही. ‘नंतर काढून देतो’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. समोर काढून दाखवला तरच व्यवहार करा.

मग पडदा. बरेच टी४७० १३६६ बाय ७६८च्या टीएन पडद्याचे आहेत. बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसतात आणि मराठी अक्षरं लहान आकारात गिचमिड होतात. १९२० बाय १०८०चा, बाजूनेही रंग नीट दाखवणारा आयपीएस पडदा आधीच बसवलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, नंतर पडदा बदलण्यापेक्षा ते परवडतं. शेवटी टचपॅड किंवा तळ फुगलेला नाही ना, हे बोटाने चाचपून पाहा. फुगवटा म्हणजे आतली बॅटरी सुजलेली. ती आधी बदलायची, बाकी सगळं नंतर.

विंडोज पुसण्याआधी

लेनोव्हो व्हँटेज किंवा लेनोव्हो सिस्टीम अपडेट चालवा आणि बायॉस, मॅनेजमेंट इंजिन (इंटेलची आतली देखरेख यंत्रणा), थंडरबोल्ट, तिन्हींचं फर्मवेअर ताजं करा. बायॉस बदलताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीतही चार्ज हवा, नाहीतर अपडेट सुरूच होत नाही. वीज जायची खात्री असलेल्या संध्याकाळी हे काम काढू नका.

यातलं थंडरबोल्टचं अपडेट टाळण्यासारखं नाही. २०१७ ते २०१९च्या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या जुन्या फर्मवेअरमुळे त्याची छोटी फ्लॅश चिप कालांतराने बिघडते. मग यूएसबी-सी पोर्टवर मॉनिटर दिसत नाही, कधी चार्जिंगही थांबतं. वेळेत अपडेट केलं तर पोर्ट वाचतो. चिप एकदा बिघडली की काम दुरुस्तीवाल्याकडे आणि खर्च तुमच्याकडे.

विंडोज आधीच उडवलेलं असेल तर लिनक्समधलं एफडब्ल्यूअपडी हे साधन तुमच्या यंत्रासाठी काही उपलब्ध आहे का ते दाखवतं. लेनोव्हो बायॉसची बूट होणारी सीडी-प्रतिमाही देतं. ती सीडीसाठी असल्यामुळे पेनड्राइव्हवर तशीच उतरवून चालत नाही, आधी गेटएलटोरिटो नावाच्या छोट्या प्रोग्रामने तिच्यातला बूटचा भाग वेगळा काढावा लागतो.

बॅकअप घेताना फोटो आणि पीडीएफ कुणी विसरत नाही. विसरतात ते ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली. या फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो. लिनक्समध्ये फाइल उघडेल, पण समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. युनिकोडमध्ये रूपांतर विंडोज जिवंत असतानाच उरकून घ्या. रोजचं काम टॅलीवर किंवा डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर चालत असेल तर विंडोज दुसऱ्या डिस्कवर ठेवावं, हे बरं. दोन्हींचे लिनक्सवर जुगाड आहेत, पण रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला जुगाडाच्या भरवशावर राहू नये.

कशावर खर्च करायचा

पहिला एसएसडी. फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेलं की जो फरक पडतो, तो दुसऱ्या कुठल्याच बदलाने पडत नाही. टी४७०च्या डिस्कच्या खणात २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सरळ बसते. वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर अडतो आणि या यंत्रावर तो भरपूर आहे. त्याच खणात एम.२ २२८० (२२ बाय ८० मिलिमीटरची) एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी, बसवायची तर वेगळा ट्रे आणि त्याची केबल, असा जोड घ्यावा लागतो. नुसता ट्रे आणला की काम अडतं. यंत्र पीसीआय एक्सप्रेसच्या (एनव्हीएमई ज्या मार्गाने जोडते त्याच्या) तिसऱ्या पिढीचं आहे, चौथ्या पिढीची महाग एनव्हीएमई घेतली तर जास्तीचे पैसे वाया. दुसऱ्या डिस्कची गरज असेल तर सिमकार्डवाल्या मॉडेमच्या खणात २२४२ मापाची (४२ मिलिमीटर लांब), बी आणि एम अशा दोन्ही खाचांची एनव्हीएमई बसते. विंडोज वेगळं ठेवायला ही जागा उत्तम.

दुसरी रॅम. डीडीआर४ सोडिम (लॅपटॉपच्या मापाची), १.२ व्होल्ट, २६० पिनांची. यंत्र ती २१३३च्या वेगाने चालवतं. बाजारात २६६६ किंवा ३२०० मिळाली तरी चालते, वेग आपोआप खाली येतो. डीडीआर३ची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती बसतच नाही, जोर लावू नका. एका खणात ८ जीबी असेल तर दुसऱ्यात आणखी ८ टाका. एकाच खणात १६ टाकण्यापेक्षा हे बरं, कारण ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती याच रॅममधून घेते. दोन्ही खण भरले की दोन वाटांनी डेटा जातो. लिनक्स मिंट (पुढे टाकायचं आहे ते लिनक्स), फायरफॉक्सचे दहा-बारा टॅब आणि लिबरऑफिस एवढ्याला ८ जीबी पुरते. व्हर्च्युअल मशीन किंवा अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा असेल तरच १६च्या पुढे जा.

तिसरी बॅटरी. टी४७०मध्ये दोन असतात: आतली २४ वॉट-अवरची आणि मागे लागणारी. मागची तीन मापांत येते: ६१ म्हणजे २४, ६१ प्लस म्हणजे ४८ आणि ६१ प्लस प्लस म्हणजे ७२ वॉट-अवर. आधी मागची संपते, मग आतली लागते. त्यामुळे यंत्र चालू ठेवून मागची बदलता येते. टी४४० ते टी४६०च्या ६८ क्रमांकाच्या बॅटऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी टी४७०ला नाहीत. वापरलेल्या यंत्रात मागची नवी घ्या, आतली सुजलेली नसेल तर राहू द्या.

वाय-फायवर सहसा पैसे घालू नका. मूळचं इंटेल ८२६५ कार्ड लिनक्समध्ये हात न लावता चालतं. बदलायचंच ठरवलं तर एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका, ती ठरावीक नव्या प्रोसेसरबरोबरच चालतात.

झाकण उघडताना

लागणारं सामान थोडं: शून्य आणि एक क्रमांकाचे फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचं पिक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या लेपाची) लहान सिरिंज, मऊ कापड.

आतली बॅटरी झाकणाखाली आहे, त्यामुळे नुसतं यंत्र बंद करून बोर्डावरची वीज जात नाही. एफ१ दाबून बायॉसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडा. यंत्र स्वतःच बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी तुटलेली राहते. मग चार्जर काढा, दोन्ही कड्या सरकवून मागची बॅटरी काढा.

यंत्र उलटं करून मऊ कापडावर ठेवा. तळाचे स्क्रू पूर्ण बाहेर येत नाहीत, सैल होऊन झाकणातच लटकतात. ते ‘निघत नाहीत’ म्हणून पकडीने ओढू नका. आता बॅटरीच्या मोकळ्या जागेकडून पट्टी घाला आणि कडेकडेने सरकवा. टक्-टक् आवाज करत कड्या सुटतात. पहिल्यांदा हा आवाज प्लास्टिक मोडल्यासारखा वाटतो, पण काही मोडलेलं नसतं. एखाद्या जागी झाकण अडलं तर तिथे जोर न लावता दोन बोटं मागे येऊन पुन्हा सुरू करा. एखादा स्क्रू अर्धवट राहिलेला असतो, हे नेहमीचं कारण.

आत हात घालण्याआधी धातूच्या नळाला किंवा अर्थिंग असलेल्या वस्तूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज जाते. रॅम काढायची तर दोन्ही बाजूंच्या चापा बाहेर ढकला, कार्ड स्वतःहून वर उठतं. नवी घालताना साधारण ३० अंशाच्या तिरक्या कोनात, सोनेरी टोकं जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत सारा, मग खाली दाबा. चाप ‘टक’ करून लागला तरी सोनेरी पट्टी ठळक दिसत असेल तर कार्ड पुरतं आत गेलेलं नाही. रॅम बदलल्यावर यंत्र चालू होत नाही, अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आठ-नऊ वर्षांत मूळची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. पंखा सतत घोंगावत असेल, तरच याला हात लावा. आधी पंख्याची वायर सोडवा, मग हीटसिंकचे (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडेथोडे सैल करा. खालची चिप उघडी सिलिकॉनची आहे, वर धातूची टोपी नाही. ब्लेडने खरवडू नका, अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. मोठ्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. स्क्रू लावताना पुन्हा तोच क्रम. जाळीतली धूळ ब्रशने काढा, हवेचा झोत मारायचा तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

झाकण लावून चार्जर जोडा. रॅम बदलली असेल तर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळाच राहू शकतो, कारण यंत्र नव्या रॅमची जुळणी करत असतं. घाबरून बटण दाबून धरू नका. ०२७१ अशी चूक दिसली तर तारीख-वेळ पुसली गेली आहे. ती बायॉसमध्ये भरा. दर वेळी पुसली जात असेल तर तारेसह येणारा बटण-सेल बदला.

पेनड्राइव्ह

डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सचा कोणता अवतार घ्यायचा यावर, वाद घालायला आयुष्य पडलं आहे. विंडोजवरून येणाऱ्याला लिनक्स मिंटची २२ मालिका द्या, सिनॅमन डेस्कटॉपसह. ती उबंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबीच असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती.

फाइल साधारण ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. उतरवल्यावर एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा हे काम करते. अर्धवट उतरलेल्या फाइलवरून इन्स्टॉल करायला गेलं की निम्म्यावर विचित्र चुका येतात आणि दोष नव्या एसएसडीवर ढकलला जातो. पेनड्राइव्ह बलेना एचर या प्रोग्रामने तयार करा. फाइल नुसती कॉपी करून तो बूट होत नाही.

बायॉसमध्ये बूट प्रकार ‘यूईएफआय ओन्ली’ ठेवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू राहू द्या, मिंट त्याच्यासह चालतं. ‘शिम’ आणि ‘एसबॅट’ असे शब्द असलेली चूक आली तर मात्र तात्पुरतं बंद करा. बूट मेनूसाठी लेनोव्हो आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९. डेलवाल्यांनी एक गोष्ट आधीच बघावी: साटाचा प्रकार ‘रेड ऑन’ असेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू झालं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. दहा मिनिटं वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा आणि लाल टोपीचा ट्रॅकपॉइंट तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा, यंत्र झोपेतून नीट उठतं का ते पाहा. बोटांचे ठसे वाचणारा सेन्सर चालणार नाही. त्याला लिनक्सचा अधिकृत ड्रायव्हर नाही, त्याच्यामागे रविवार घालवू नका.

इन्स्टॉल

भाषा इंग्रजी किंवा मराठी, आवडेल ती. कीबोर्ड मात्र ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ हाच निवडा. उजव्या ऑल्टबरोबर ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. इथे मराठी कीबोर्ड पहिला ठेवला आणि डिस्कला कूटबद्ध करायचा पासवर्ड दिला, तर बूट होताना तो पासवर्ड टाइपच करता येत नाही, अशी पंचाईत होते. मराठी नंतर दुसऱ्या क्रमांकावर जोडायची.

मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रामच्या) चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट चालू असताना इथे एक पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तसं झालं तर पुढच्या बूटला निळा पडदा येईल, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे गेलात तर ही नोंद राहून जाते.

‘इरेज डिस्क’ निवडताना डिस्कचं नाव आणि क्षमता दोनदा वाचा. जपून ठेवायची जुनी डिस्क या वेळी यंत्राबाहेर असलेली बरी. प्रवासात नेणार असाल तर प्रगत पर्यायांत एलव्हीएम आणि एन्क्रिप्शन (डिस्क कूटबद्ध करणारा पर्याय) घ्या. हा पासवर्ड विसरलात तर डेटा गेला. वहीत लिहून कपाटात ठेवा.

पहिल्या दिवशी

अपडेट मॅनेजर चालवा, यंत्र पुन्हा सुरू करा आणि लगेच टाइमशिफ्ट या साधनात प्रणालीची पहिली नोंद घ्या. पुढे एखादं अपडेट बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं. टाइमशिफ्ट प्रणाली जपते, तुमची कागदपत्रं नाही. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टीएलपी हे बॅटरी जपणारं साधन टाका. त्यामुळे मिंटचं मूळ पॉवर प्रोफाइलचं साधन निघून जातं आणि बॅटरीच्या मेनूतले ‘बॅलन्स्ड’सारखे पर्याय दिसेनासे होतात, हे अपेक्षितच आहे. टीएलपीच्या मांडणीच्या फाइलमध्ये चार्ज थ्रेशोल्डच्या (किती टक्क्यांना चार्जिंग सुरू आणि बंद व्हावं याच्या) ओळी शोधा. बॅट० म्हणजे आतली, बॅट१ म्हणजे मागची. ओळीच्या सुरुवातीचं # काढून सुरुवात ७५ आणि शेवट ८० ठेवा. टेबलावर कायम चार्जर लावून वापरणाऱ्याची बॅटरी यामुळे बरीच जास्त टिकते. प्रवासाच्या आदल्या रात्री ‘टीएलपी फुलचार्ज’ ही आज्ञा देऊन पूर्ण भरा.

यूट्यूब लावलं की पंखा जोरात सुरू होतो, ही या पिढीची हमखास तक्रार. कारण सोपं आहे. एचडी ६२० ग्राफिक्स एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ स्वतः उलगडते, एव्ही१ नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, कोडेकच्या ओळीत एव्ही०१ दिसला तर हाच आजार. फायरफॉक्सच्या कॉन्फिग पानावर ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ शोधून ‘फॉल्स’ करा आणि व्हिडिओ पुन्हा लावा. कोडेक व्हीपी९ होतो आणि पंखा शांत होतो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीचा एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट निवडा, दोन भाषांत जायची कळ तिथेच ठरवा. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या आणि मराठीची आयट्रान्स किंवा फोनेटिक पद्धत जोडा. जोडाक्षरं विस्कटलेली दिसली तर दोष बहुधा कीबोर्डचा नसतो, फाँटचा असतो. नोटो किंवा लोहितचे देवनागरी फाँट टाकले की ‘र्‍य’ आणि ‘ॲ’सुद्धा नीट उमटतात.

आठवडाभर वापरून झाल्यावर डिस्क्स हे साधन उघडा आणि एसएसडीचा स्मार्ट (तब्येतीचा) अहवाल बघा. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास चाललेले दिसले, तर बिल घेऊन दुकानात जायला तेवढा वेळ अजून हातात असतो.